वेशीवरची वसुली

मुंबईत शिरणाऱ्या मोटारींचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री माफ झाला आणि दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. दिवसा मंत्रिमंडळाची बैठक, रात्री बाराला अंमल. सरकारी कागद एवढ्या वेगाने हलू शकतो हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना त्या दिवशी कळले. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी या पाच नाक्यांवरून रोज साडेतीन लाखांच्या आसपास वाहने जातात, त्यांतली २ लाख ८० हजार हलकी, असा हिशेब मंत्री दादा भुसे यांनी तेव्हा मांडला. एका मोटारीला ४५ रुपये. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, वसई-विरारमधून रोज कामाला येणाऱ्यांची ती मोठी सोय झाली, यात वादच नाही.

प्रश्न असा की, एका बैठकीत जे जमले ते त्याआधीच्या वीसेक वर्षांत का जमले नाही? याचे उत्तर शोधायला १९९५ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, पुढे नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री झाले आणि मुंबईसाठी पंचावन्न उड्डाणपुलांची घोषणा झाली. तिजोरीत एवढे पैसे नव्हते. म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, म्हणजे बोलीभाषेतले एमएसआरडीसी, उभे राहिले. महामंडळाने कर्ज काढायचे, रोखे विकायचे, पूल बांधायचे आणि टोलमधून ते फेडायचे, अशी ती रचना. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही त्याच रचनेतून झाला आणि चांगला झाला. पुण्याहून खोपोलीच्या जुन्या घाटातून मुंबईला येताना ज्यांनी अर्धा दिवस घालवला आहे, ते त्या रस्त्याबद्दल आजही वाईट बोलत नाहीत.

शहरातल्या पुलांचा टोल घ्यायचा मात्र कुठे? सायनला एक नाका, अंधेरीला एक, दादरला एक असे करणे शक्यच नव्हते. पुलाने वाचवलेला वेळ नाक्यावर गेला असता. मग तोडगा निघाला की, पूल शहराच्या पोटात आणि वसुली शहराच्या वेशीवर. मूळ खोट आहे ती इथे. कुलाब्याहून बोरिवलीला रोज जाणारा माणूस डझनभर पूल फुकट ओलांडणार आणि ठाण्याच्या कोपरीतून मुलुंडला मुलाला क्लासला सोडणारा बाप एकाही पुलावर न चढता पैसे भरणार. ज्याच्यासाठी पूल बांधले तो वेगळा आणि ज्याच्याकडून पैसे घ्यायचे तो वेगळा. शिवाय भरणारा ज्या महापालिकेचा मतदार, ती महापालिका वेगळी आणि रस्ते ज्या शहरात, ते शहर वेगळे. टोल लावण्याचा अधिकार १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याच्या कलम २० ने राज्य सरकारचा. मुंबई महापालिकेला यात विचारण्याचा प्रश्नच नव्हता आणि आपल्याला विचारावे म्हणून तिने कधी फारसा हट्टही धरला नाही.

धरेल कशाला? त्याच वेशींवर तिची स्वतःची वसुली जोरात चालू होती. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दला पालिकेचे जकात नाके होते. शहरात येणाऱ्या मालाचे कागद तपासायचे, किमतीवर टक्केवारी लावायची, पैसे भरून ट्रक आत सोडायचा. या जकातीतून पालिकेला शेवटच्या काळात वर्षाला सात हजार कोटींच्या घरात उत्पन्न मिळे. मालमत्ता करापेक्षाही जास्त. एकाच दारात दोन हात पसरलेले होते. मालावर पालिकेचा आणि गाडीवर महामंडळाचा. ट्रकवाला दोन्हीकडे खिसा रिकामा करी.

त्या नाक्यांचे रूप ज्यांनी पाहिले आहे त्यांना वर्णन नको. ज्यांनी नाही त्यांच्यासाठी थोडेसे. संध्याकाळी सात वाजता मुलुंडच्या आनंदनगर नाक्याकडे पूर्व द्रुतगती महामार्गावरून येणाऱ्या रांगा पार मागेपर्यंत लागलेल्या असायच्या. चार मार्गिकांचे नाक्यापाशी दहा-बारा फाटे व्हायचे आणि नाका ओलांडला की पुन्हा चार. खरी कोंडी पैसे देताना नव्हे, तर या पसरण्या-आवळण्यात व्हायची. रांगेत शेंगदाण्याच्या पुड्या, चिक्की, मोबाइलचे चार्जर आणि उन्हाळ्यात करवंदे विकणारी पोरे फिरायची. खिडकीतला हात बाहेर यायचा, 'सुट्टे द्या' एवढेच म्हणायचा. टोल ३५ चा झाला तेव्हा पाचची नाणी गायब झाली आणि पाच रुपयांऐवजी हातात चॉकलेट पडू लागले. बोटभर पावतीवर तारीख, वेळ, गाडीचा प्रकार. एवढ्या पावत्यांचा दिवसअखेरचा हिशेब कुठे जातो हे विचारणाऱ्या माणसाला मागच्या गाडीचा हॉर्न उत्तर देत असे.

हिशेबाचा प्रश्न खरा चिघळला तो २०१० मध्ये. पाचही नाक्यांची वसुली सोळा वर्षांसाठी एका खासगी कंपनीला देण्यात आली आणि तिने त्या बदल्यात सुमारे २१०० कोटी रुपये आगाऊ भरले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हे २००४ मध्येच झाले होते; तिथे ९१८ कोटी घेऊन पंधरा वर्षांचे हक्क दिले गेले होते. सरकारच्या दृष्टीने हा व्यवहार फार गोड. पुढच्या सोळा वर्षांचे पैसे आजच हातात, वसुलीची कटकट दुसऱ्याच्या डोक्यावर आणि शिव्या खायला कंत्राटदाराचा पोऱ्या. दर तीन वर्षांनी दर किती वाढणार तेही ठरलेले. म्हणून तर २०२० मध्ये ३५ चे ४० झाले आणि १ ऑक्टोबर २०२३ ला ४० चे ४५.

माझ्या मते या एका व्यवहाराने पुढच्या प्रत्येक मंत्र्याचे हात बांधले. पैसे एका सरकारने उचलून खर्च केले आणि टोल बंद करायचा तर भरपाई दुसऱ्या सरकारने द्यायची. 'टोल बंद करू' असे विरोधी बाकांवरून म्हणणारा प्रत्येक नेता सत्तेत आला की कराराची फाइल बघून गप्प बसत असे, त्यामागे हे साधे कारण होते. लबाडी नव्हती असे मी म्हणत नाही, पण लबाडीपेक्षा करार मोठा होता.

वेशीवरचा टोल मुंबईत येणाऱ्यांनी तसा मुकाट भरला. कोल्हापूरने भरला नाही.

तिथली कथा मुळात महापालिकेच्या अंदाजपत्रकाची आहे आणि म्हणून ती मला जास्त महत्त्वाची वाटते. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते सुधारायचे होते, खर्च २२० कोटींचा. कोल्हापूर महापालिकेला तो झेपणारा नव्हता. मग महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांचा त्रिपक्षीय करार झाला. कंपनीने रस्ते करायचे, तीस वर्षे टोल घ्यायचा, शिवाय टेंबलाईवाडीची मोक्याची जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळवायची. सभागृहात हे सगळे रीतसर मंजूर झाले होते. नगरसेवकांपैकी किती जणांनी करार वाचला होता, हा प्रश्न पुढे कोल्हापूरच्या चौकाचौकांत विचारला गेला. मंजुरीच्या वेळी तीस वर्षे हा आकडा कोणाला खुपला नाही. नाक्यांचे खांब उभे राहिले तेव्हा खुपला.

शहरात ये-जा करायला पैसे. शिरोलीचा कारखानदार, बाजार समितीत गूळ आणणारा शेतकरी, दवाखान्यात पेशंट घेऊन येणारा करवीर तालुक्यातला माणूस, सगळे त्यात सापडले. रस्तेही धड नव्हते. गटारे अर्धवट, पदपथ कुठे आहेत कुठे नाहीत, विजेचे खांब रस्त्यात. सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती उभी राहिली. पुढे होते शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील आणि कम्युनिस्ट पक्षाचे गोविंद पानसरे. पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावरचे एन. डी. रस्त्यावर बसायचे. तालमीतले पैलवान, पेठांतली मंडळे, रिक्षावाले, बार असोसिएशनचे वकील, झाडून सगळे त्यात होते. २०१३ च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये मंत्र्यांनी टोल बंदचे जाहीर आश्वासन दिले, तरी वसुली थांबली नाही, तेव्हा जमावाने नाके पेटवले. ते समर्थनीय नव्हतेच, पण त्या शहराने 'टोल देणार नाही' हे किती गांभीर्याने घेतले होते ते त्यातून दिसले. मग न्यायालये, स्थगिती, स्थगितीवर स्थगिती. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने कोल्हापूरचा टोल रद्द केल्याचे जाहीर केले आणि कंपनीला साडेचारशे कोटींहून अधिक रक्कम राज्याच्या तिजोरीतून देण्याचे ठरले. पानसरे तो दिवस पाहायला नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

२२० कोटींचे रस्ते सरकारला त्याच्या दुपटीहून महाग पडले. आंदोलन जिंकले, हे खरेच. पण बिल कोणी भरले? गडचिरोली-नंदुरबारच्या माणसानेसुद्धा थोडे थोडे भरले. कोल्हापूर महापालिकेने सुरुवातीलाच राज्याकडे अनुदान मागून, टप्प्याटप्प्याने, आपल्या अंदाजपत्रकात दरवर्षी थोडी तरतूद करून हे रस्ते केले असते तर काय झाले असते, याचा हिशेब आजही कोणी तरी बसून करायला हवा. मला तरी तो स्वस्त पडला असता असे वाटते.

कोल्हापूरचा धसका सगळ्याच पक्षांनी घेतला. त्याआधीच, २०१२ पासून राज ठाकरे यांच्या मनसेने नाक्यांवर माणसे बसवून गाड्या मोजायला सुरुवात केली होती. तोडफोडीच्या बातम्यांत ती मोजणी हरवली, पण कल्पना उत्तम होती. निवडणूक जवळ आली तसे पृथ्वीराज चव्हाण सरकारने जून २०१४ मध्ये ४४ नाके बंद केले. पनवेलचे काँग्रेस आमदार प्रशांत ठाकूर खारघरच्या नियोजित टोलच्या प्रश्नावर पक्ष सोडून भाजपमध्ये गेले. भाजपने टोलमुक्त महाराष्ट्राचे आश्वासन दिले आणि १ जून २०१५ पासून फडणवीस सरकारने १२ नाके बंद करून ५३ नाक्यांवर हलकी वाहने व एसटीला सूट दिली. यात मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके नव्हते, द्रुतगती मार्ग नव्हता. जिथे वसुली मोठी तिथे भरपाईही मोठी, म्हणून ते दोन्ही बाजूला राहिले. टोलमुक्तीच्या फलकांवर मात्र ही तळटीप नव्हती.

दरम्यान दाराशी पसरलेल्या दोन हातांपैकी एक हात आखडला. राज्यातल्या बाकीच्या महापालिकांची जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला होता. व्यापाऱ्यांनी २०१३ मध्ये दुकाने बंद ठेवून त्याला विरोध केला आणि १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतांश व्यापाऱ्यांसाठी गेला. मुंबईची जकात टिकली ती १ जुलै २०१७ पर्यंत, वस्तू व सेवा कर येईपर्यंत. त्या महिन्यात अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी पालिकेला भरपाईचा पहिला धनादेश दिला, सुमारे ६४७ कोटींचा. समारंभात शिवसेना आणि भाजपच्या नगरसेवकांनी एकमेकांविरुद्ध घोषणा दिल्या, त्याच बातमीत आल्या. खरी बातमी होती ती ही की, देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका त्या दिवसापासून दरमहा मंत्रालयाच्या धनादेशाची वाट पाहू लागली. जकात भ्रष्ट होती, वेळखाऊ होती, ती गेली ते बरेच झाले. पण ती पालिकेची स्वतःची होती.

त्यानंतरच्या अंदाजपत्रकांकडे पाहिले की दिशा स्पष्ट दिसते. २०१७-१८ मध्ये आयुक्त अजोय मेहता यांनी फुगवलेले आकडे छाटून आधीच्या ३७ हजार कोटींवरून अंदाजपत्रक २५ हजार कोटींवर आणले होते. अलीकडच्या काळातला तो मला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. २०२५-२६ मध्ये तेच अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींवर गेले, त्यातले ४३ हजार कोटींहून अधिक भांडवली कामांचे. त्यात मोठा वाटा रस्ते, पूल, बोगदे यांचा. सुमारे चौदा हजार कोटींचा सागरी किनारा मार्ग पालिकेने स्वतःच्या पैशाने बांधला आणि मार्च २०२४ पासून तो टोलविना खुला केला. दुचाकी आणि रिक्षांना त्यावर बंदी. त्याला जोडलेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मोटारीला १०० रुपये टोल, कारण तो महामंडळाचा. शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूवर एका फेरीचे २५० रुपये, कारण तो मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, म्हणजे एमएमआरडीएचा. कोणत्या रस्त्याला टोल असावा आणि कोणत्याला नसावा याचे काही तत्त्व असेल तर ते एवढेच की, बांधणाऱ्या संस्थेच्या पाटीवर काय लिहिले आहे.

याचा कळस २०२२ च्या अखेरीस झाला. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग देखभालीसाठी पालिकेकडे आले. खड्डे पालिकेने बुजवायचे, दुभाजकातली झाडे पालिकेने लावायची, पावसाळ्यात पाणी तुंबले तर शिव्या पालिकेने खायच्या. आणि त्याच महामार्गांच्या टोकाला, दहिसर व मुलुंडला, टोल महामंडळाचा कंत्राटदार घेणार. आदित्य ठाकरे यांनी त्यावर बोट ठेवले आणि हा टोल बंद करण्याची मागणी केली. मागणी राजकीय होती, मुद्दा बिनतोड होता. पण ऐकणार कोण? मार्च २०२२ पासून पालिकेत नगरसेवकच नव्हते. २०२३ च्या फेब्रुवारीत प्रशासनाने तयार केलेले अंदाजपत्रक प्रशासकालाच सादर झाले. स्थायी समिती नाही, सभागृहात भाषण नाही, कपात सूचना नाही. जुन्या स्थायी समितीबद्दल कोणाचे मत फार चांगले नव्हते, माझेही नाही. तरी तिथे निदान आवाज व्हायचा आणि तो बाहेर ऐकू यायचा.

ऑक्टोबर २०२३ ची दरवाढ शेवटची काडी ठरली. मनसेचे ठाण्यातले नेते उपोषणाला बसले, राज ठाकरे यांच्या घरी मंत्र्यांची बैठक झाली, नाक्यांवर कॅमेरे लावून गाड्या मोजण्याचे ठरले. म्हणजे दहा-अकरा वर्षांनी पुन्हा मोजणीच. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा मतदारसंघ कोपरी-पाचपाखाडी, आनंदनगर नाक्याला लागून. आमदार असताना आपणही या टोलविरुद्ध आंदोलन केले होते, असे त्यांनी माफीच्या वेळी सांगितले. पुढच्या वर्षी माफी झाली. कोल्हापूरला आगीनंतर दोन वर्षे लागली, मुंबईला निवडणूक पुरली.

माफीवर माझा आक्षेप नाही. वेशीवरच्या वसुलीची रचनाच अन्यायाची होती, ती जितक्या लवकर गेली असती तितके बरे. आक्षेप आहे तो तिच्यानंतरच्या शांततेवर. नाक्यांवर ट्रक, टेम्पो अजूनही पैसे भरतात आणि ते भाजीच्या भावातून आपल्यापर्यंत येतात. मोटारींच्या माफीची भरपाई राज्याच्या तिजोरीतून जाते आणि त्या तिजोरीत कधी गाडीत न बसलेल्यांचेही पैसे आहेत. टोल माफ होऊन सात महिनेही झाले नव्हते, तेव्हा ९ मे २०२५ ला बेस्टचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले, वातानुकूलित बसचे ६ वरून १२. बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम. त्या वर्षीच्या ७४ हजार कोटींच्या अंदाजपत्रकात तिच्या वाट्याला एक हजार कोटी आले होते. २०१९ मध्ये ८ चे ५ करून प्रवासी परत आणण्याचा जो प्रयोग केला होता तो असा गुंडाळला गेला. घाटकोपर स्टेशनबाहेर बसची वाट पाहणाऱ्या घरकाम करणाऱ्या बाईला दोन वेळचे दहा रुपये जास्त पडू लागले. तिच्यासाठी कोणी नाका पेटवला नाही, कोणी मंत्री तातडीने बैठक घ्यायला आला नाही. रस्त्यावरचा राग मोटारवाल्याचा होता, म्हणून सवलतही त्याला मिळाली. तीस वर्षांच्या या हिशेबात मला सगळ्यात जास्त खटकते ते हेच.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर मुंबई महापालिकेत नगरसेवक पुन्हा आले आहेत. ते तुमच्या दारी मतांसाठी येऊन गेले असतील. आता तुम्ही त्यांच्याकडे जा. द्रुतगती महामार्ग ताब्यात आल्यापासून पालिकेने त्यांच्या देखभालीवर दर वर्षी किती खर्च केला आणि टोलमाफीपोटी कंत्राटदाराला राज्याने आजवर किती दिले, हे दोन आकडे बेस्टच्या अनुदानाशेजारी एका पानावर छापून मागा.